त्यांची पोर

भांडण एका दगडावरून झालं होतं. कॉलेजच्या विज्ञान इमारतीला नवा मजला चढला, त्याच्या पायरीशी संगमरवरी पाटी बसवायची होती, आणि तिच्यावर अध्यक्षांचं नाव वर घ्यायचं की जमीन देणाऱ्या उपाध्यक्षांचं, यावरून संस्थेची सभा तीनदा उधळली. चौथ्यांदा उपाध्यक्ष उठून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्यामागून काही प्राध्यापक गेले, हेडक्लार्क गेला आणि जाताना कार्यालयातला मराठी टाइपरायटर घेऊन गेला. तो टाइपरायटर कोणाच्या मालकीचा, यावर पुढे दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. पांझरा नदीच्या पलीकडे, जिनिंगच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये नवं कॉलेज उघडलं. हे ऐंशीच्या दशकातलं धुळं.

मोठ्यांचं भांडण मोठ्यांपुरतं राहिलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. पण महिन्याभरात सगळं गाव त्यात उतरलं. जुन्या कॉलेजच्या पोरांचा चहावाला वेगळा, नव्याच्या पोरांचा वेगळा. क्रिकेटच्या मॅचमध्ये शेवटी स्टंप हातात घेऊनच सगळे धावायचे. गॅदरिंगच्या दिवशी एकमेकांच्या मांडवाची वीज तोडणं हा तर पराक्रमच समजला जायचा. सोयरीक जुळवताना पोरगा कोणत्या कॉलेजचा, हे गोत्रासारखं विचारलं जायचं. त्या दगडावरचं नाव यांच्यातल्या कोणाच्याही बापाचं नव्हतं, आणि तरी त्याच्यासाठी डोकी फुटत होती. माझी जळगावची मावशी म्हणायची, आमच्याकडेही असंच आहे, फक्त दगडाऐवजी मैदान आहे. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं. आपण एकटेच मूर्ख नाही, एवढंच.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, जुन्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या धुणं, आम्लं पातळ करून ठेवणं, बर्नर दुरुस्त करणं, सडक्या अंड्यासारखा वास मारणारं ते गॅसचं उपकरण सकाळी भरून ठेवणं, ही त्यांची कामं. शिक्षण सातवी. त्यांना तिथे चिकटवलं आणि सगळं काम हाताला धरून शिकवलं ते आबांनी. आबा आमच्याच गावचे, पारोळ्याच्या अलीकडचे. दोघं एका सायकलवर डबलसीट कॉलेजात जायचे. कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या, मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या घरात फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. आबांची मुलगी माझ्याच वयाची. ती आमच्या घरात जेवायची, मी त्यांच्या घरात झोपायची. माझ्या आईने तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या आहेत आणि तिच्या आईने माझे कान टोचून आणले आहेत. आम्हा दोघींना शिक्षिका व्हायचं होतं, म्हणून आम्ही घरात अहिराणी आणि आपसात मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचो. चाळ आम्हाला हसायची.

आबांना नव्या कॉलेजने सहायकाची जागा देऊ केली. जुन्यात ती त्यांना दोनदा नाकारली होती, त्यामुळे ते गेले. यात चुकीचं काय होतं, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. नाना राहिले, कारण अध्यक्षांनी त्यांच्या लग्नाला हजेरी लावली होती आणि नाना ते उपकार आयुष्यभर डोक्यावर घेऊन फिरले. आबांना चाळ सोडावी लागली. सामान हातगाडीवर चढत होतं तेव्हा नाना दारात उभे राहिले, पण हात लावायला गेले नाहीत. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आबांनी मुलीला साहजिकच आपल्या नव्या कॉलेजात घातलं. मी जुन्यात गेले. विषय दोघींचा एकच, रसायनशास्त्र.

आता एक गोष्ट सांगते, ती बाहेरच्यांना खरी वाटणार नाही, पण प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही विचारा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला एक नंबर घातलेली बाटली मिळायची. तिच्यात क्षारांचं मिश्रण, आणि ते काय आहे हे तपासण्या करून शोधायचं. बाटल्या भरायचे परिचर. कोणत्या नंबरमध्ये काय, हे त्यांना पाठ असायचं. परीक्षा चालू असताना परिचर टेबलांमधून फिरत राहायचा, सांडलेलं पुसायचा, आणि जाता जाता मुलाच्या समोरच्या फळीवरची एक बाटली बोटभर पुढे सरकवायचा. बोलायचं नाही, बघायचं नाही. ज्या मुलाला अक्कल आहे त्याने समजून घ्यायचं की शेवटची तपासणी या बाटलीतल्या द्रावणाने करायची आहे. एवढंच. ही कला आबांची. नानांनी ती त्यांच्याकडून उचलली. प्राध्यापकांना हे माहीत होतं आणि ते त्या वेळी नेमके खिडकीबाहेर बघत असायचे. आपलीच पोरं, निकाल आपलाच.

नव्या कॉलेजच्या गोडाऊनमधल्या प्रयोगशाळेला परीक्षा केंद्राची मान्यता नव्हती. त्यामुळे त्यांची मुलं प्रात्यक्षिकाला आमच्या कॉलेजात यायची. म्हणजे सगळं वर्ष ज्यांच्या नावाने शिमगा केला त्यांच्याच टेबलांवर येऊन उभं राहायचं. पहिल्या वर्षीच विभागप्रमुखांनी नानांना सांगून ठेवलं होतं, त्यांच्या बॅचला हात मागे बांधून उभं राहायचं. नाना तसे उभे राहिले. त्या वर्षी त्यांची निम्मी मुलं प्रात्यक्षिकात नापास झाली आणि आमच्या कॉलेजात पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला होता. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते आणि पेढा गोड लागला होता, खोटं कशाला बोलू.

नानांचं इंग्रजी मोठ्या, कॅपिटल लिपीपुरतं. म्हणून नवव्या इयत्तेपासून परीक्षेच्या बाटल्यांची पक्की यादी मी लिहून द्यायची. नंबर, आणि त्यापुढे क्षारांची नावं. ती पाकिटात बंद होऊन विभागप्रमुखांकडे जायची. अंकांच्या चिठ्ठ्याही मीच कापायची आणि चिकटवायला खळ करून द्यायची. माझी स्वतःची परीक्षा आली त्या वर्षी तरी हे काम माझ्याकडून काढून घ्यायला हवं होतं. पण ते कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्या माणसाची पोर, तिच्यावर कसला संशय.

त्या वर्षी दोन याद्या होत्या, पहिल्या दिवशीची आमची आणि दुसऱ्या दिवशीची त्यांची. आमच्या यादीत तांबं, लोह, निकेल. बाटल्या भरून खिडकीत मांडल्या तेव्हा निळ्या, हिरव्या, तपकिरी दिसत होत्या. नुसत्या रंगावरून अर्धं उत्तर कळावं अशा. त्यांच्या यादीत बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम, वर तपासण्यांत घोळ घालणारं फॉस्फेट. बाराच्या बारा बाटल्यांत पांढरी भुकटी. मी यादी लिहिता लिहिता थांबले. नानांना म्हणाले, हे जास्त होतंय. नाना म्हणाले, "सरेस्नी सांगेल शे." सरांनी सांगितलं आहे, म्हणजे विषय संपला.

माझ्या परीक्षेच्या दिवशी मला नेमकी आमच्या यादीतली एकच पांढरी बाटली आली. यादी मीच लिहिली होती, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं, पण मी ठरवून टाकलं होतं की आपण ते विसरल्याचं धरायचं आणि तपासण्या करायच्या. मोठी आले मी प्रामाणिकपणाची पुतळी. अर्ध्या तासात माझी नळी गढूळ झाली आणि मी घामाघूम. नाना फडकं घेऊन आले, टेबल पुसलं, आणि फळीवरची पिवळ्या द्रावणाची बाटली बोटभर पुढे आली. मी ती उचलली. मला प्रात्यक्षिकात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

परीक्षेच्या दिवशीच संध्याकाळी मी पांझरेच्या पुलावर तिला गाठलं. आम्ही तिथेच भेटायचो, घरच्यांना न सांगता, महिन्यातून एखाद-दोनदा. ती थिअरीत माझ्या खूप पुढे होती. पण त्यांच्या कॉलेजात ते गॅसचं उपकरणच नव्हतं. वर्षभरात तिने गटवार तपासणी पुरती एकदाही केलेली नव्हती, पुस्तकातच वाचलेली. तिला पहिला वर्ग हवा होता. पहिला वर्ग मिळाला की जळगावला बी.एड., आणि बी.एड. झालं की आबा लग्नाचं नाव काढणार नाहीत, असं घरात ठरलं होतं. नाही मिळाला तर यावलकडचं एक स्थळ तयारच होतं.

तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. मीच ती यादी चिठ्ठीवर उतरवून नेली होती, बाराच्या बारा नंबर. ती म्हणाली, "नको गं. मी माझं करते." मी म्हणाले, "सगळ्या पांढऱ्या आहेत. तुला वेळच पुरणार नाही." ती म्हणाली, "नानांना कळलं तर?" मी म्हणाले, "नाना मलाच बाटली सरकवून बसलेत. ते कोणत्या तोंडाने बोलतील?" मला त्या दिवशी स्वतःची इतकी शरम वाटत होती की ती कोणाला तरी देऊन टाकल्याशिवाय मला घरी जाता येत नव्हतं. ती बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली, मग तिने चिठ्ठी घेतली आणि तिथेच पाठ करून फाडून नदीत टाकली. नदीला तेव्हा पाणी नव्हतं. तुकडे खडकावर पडलेले आम्ही दोघींनी पाहिले आणि हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नानांचा डबा घेऊन कॉलेजात गेले. आवारातल्या कडुनिंबाखाली आबा बसले होते. ते आपल्या मुलांना घेऊन आले होते, पण त्यांना प्रयोगशाळेत पाऊल टाकायला मनाई होती. ज्या टेबलांना त्यांनी वीस वर्षं फडकं मारलं, तिथे त्यांना बाहेर बसवलं होतं. मी त्यांच्याकडे न बघता पुढे गेले. बघितलं असतं तर नमस्कार करावा लागला असता, आणि वर कार्यालयाच्या खिडकीत माणसं उभी होती.

प्रयोगशाळेच्या जाळीच्या खिडकीतून मला ती दिसली. तिच्यापुढे सात नंबरची बाटली होती. मला हायसं वाटलं. सात म्हणजे बेरियम, सगळ्यांत सोपं, शेवटी पिवळा साका पडतो. तिने सगळा वेळ परीक्षेतल्या दुसऱ्या प्रयोगाला दिला होता, आणि मिश्रणाची पानं सरळ पाठावरून लिहून काढली होती, निरीक्षणांसकट. तसं सगळेच करायचे. उत्तर माहीत असलं की मागून पुढे लिहीत यायचं. बाहेरचे परीक्षक जळगावकडचे होते, नेमस्त माणूस. त्यांनी तिची उत्तरपत्रिका वाचली, बाटली हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "हा पिवळा साका मला करून दाखव."

तिने नळी घेतली, त्यात द्रावण घेतलं, पिवळे थेंब टाकले. नळीत काहीच झालं नाही. तिने नळी हलवली. आणखी थेंब टाकले. मग बर्नरवर धरली.  द्रावण स्वच्छच राहिलं. ती बाटली बेरियमची नव्हतीच. पलीकडे नाना भिंतीला पाठ लावून उभे होते, हात मागे बांधून. त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. मला तिथेच, डबा हातात असताना, सगळं कळलं.

परीक्षकांनी आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "जे दिसलं नाही ते तुला दिसलं कसं?" मग विभागप्रमुख पुढे आले. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. सण असल्यासारखा चेहरा होता. तिला प्राचार्यांच्या खोलीत नेलं. जाताना ती खिडकीजवळून गेली आणि तिने मला पाहिलं. मी तिथून पळाले.

नाना घरी आले, नळावर हात धुऊ लागले. त्यांच्या हातांना त्या आम्लांचे डाग कायमचे होते, तरी ते रोज पंधरा मिनिटं धुवायचे. मी मागे उभी राहून विचारलं, "नाना, नंबर कोनी बदलात?"

"मी," नाना म्हणाले.

ते काहीच लपवत नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला चिठ्ठी लिहून पुलाकडे जाताना पाहिलं होतं. सकाळी लवकर जाऊन त्यांनी बाराही चिठ्ठ्या ओल्या करून सोडवल्या आणि फिरवून चिकटवल्या, आणि नंबर चुकून फिरले होते असं सांगून सरांच्या पाकिटातली यादी बदलून घेतली. ती यादी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, मोठ्या लिपीत. मी म्हणाले, मला सांगायचं होतं, मी तिला सांगितलं असतं. मी म्हणाले, ती तुमच्या मांडीवर वाढलेली आहे. नानांनी हात झटकले.

"ती आते त्येस्नी पोर शे. आपली नही."

मी त्यांना माझ्या बाटलीची आठवण करून दिली. ओरडूनच करून दिली. आईने दार लावून घेतलं.

"ते येगळं," नाना म्हणाले. "तू आपली शे."

बापावर हात उगारावा असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा. मी त्यांना न्यायाने दोष देऊ शकत नव्हते, हे सगळ्यांत वाईट. मी पेपर फोडला होता. त्यांनी तो सांधला होता. बाहेरून पाहिलं तर तेच खरे, मी चोर. पण मला माहीत होतं की त्यांनी तो खरेपणासाठी सांधला नव्हता. त्यांच्या जागी आमच्या कॉलेजची कोणतीही टुकार पोर असती, तर त्यांनी तिला सातव्या बाटलीत सातवंच दिलं असतं आणि वर द्रावणही पुढे सरकवलं असतं.

चार दिवसांनी धीर करून मी आबांच्या नव्या घरी गेले. तोवर गावभर झालं होतं. कॉपी म्हणून तिला पुढच्या दोन परीक्षांना बसायला बंदी. दार तिच्या आईने उघडलं. "ती नही भेटाव," म्हणाली आणि आत गेली. मी उंबऱ्यावर उभी. मग आबा आले. ते चिडतील, हाकलतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी मला बसायला पाट दिला.

"तू तुम्हना कॉलेजनं काम करं, बेटा," ते म्हणाले. "मनी पोर तुना जागवर ऱ्हाती, ते मी बी तिले हाईच कराले लावतू."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्यांची पोर माझ्या जागी असती तर त्यांनीही तिला हेच करायला लावलं असतं. चिठ्ठीचं तिने घरात तेवढं सांगितलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की मला चुकीची चिठ्ठी देऊन मुद्दाम पाठवलं होतं. आणि त्यांना त्याचा राग नव्हता. डाव चांगला पडला, असं त्यांच्या स्वरात होतं, हरलेल्या पहिलवानाने म्हणावं तसं. त्यांच्या मुलीचं आयुष्य आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलं होतं आणि हा माणूस डावाचं कौतुक करत होता. आतून ती हे ऐकत होती, हे मला माहीत होतं.

एक वाक्य पुरलं असतं, चिठ्ठी खरी होती, नंबर नानांनी बदलले. पण ते आबांना सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी नव्या कॉलेजच्या अध्यक्षांपर्यंत गेलं असतं, मग विद्यापीठापर्यंत, आणि मग विचारलं गेलं असतं की नानांना नंबर का बदलावे लागले, यादी मुलीच्या हातात आली कशी. नानांची नोकरी गेली असती, माझी पदवीही. मी आबांच्या पाया पडले आणि उठले. त्यानंतर कित्येक दिवस मी वाट पाहत होते की आमच्याकडे कोणीतरी चौकशीला येईल. उत्तरं फुटली हे तर उघड होतं, मग फोडली कोणी हे कोणीतरी विचारेलच. कोणी आलं नाही. मला वाटलं, वाचलो.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न यावलकडे झालं. केळीची बागायत, मोठं कुटुंब. आम्हाला पत्रिका नव्हती. मी जळगावला बी.एड. केलं. ज्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहणार होतो, तिथे माझ्याबरोबर चाळीसगावची एक मुलगी होती, चांगली होती बिचारी, मी तिच्याशी वर्षभर धड बोलले नाही. नंतर अमळनेर तालुक्यात एका शाळेत लागले. विज्ञान शिकवते. दर वर्षी नववीच्या वर्गात रंगीत साके करून दाखवते आणि मुलं टाळ्या वाजवतात.

नव्वद साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. जुन्या कॉलेजच्या अध्यक्षांची नात नव्या कॉलेजच्या अध्यक्षांच्या, म्हणजे त्या जुन्या उपाध्यक्षांच्या, घरात दिली. होय, तेच दोघं. दोन्ही घरांना एकाच पक्षाची तिकिटं हवी होती, की मुलामुलींचं आपसात जमलं होतं, नक्की मला माहीत नाही, आणि कारण काहीही असो, दगडाची पाटी त्यात कुठे आडवी आली नाही. जुन्या कॉलेजच्या मैदानावरच मांडव पडला. दोन्ही अध्यक्ष एका सोफ्यावर बसून एकमेकांच्या गुडघ्यावर थापा मारत हसत होते. दोन्ही कॉलेजांच्या परिचरांना, शिपायांना वाढपाला बोलावलं होतं. नाना आणि आबा एकाच मांडवात कमरेला पंचे बांधून वाढत होते. एक या पंगतीला, एक त्या पंगतीला. मालकांचं जुळलं तरी या दोघांचा अबोला तसाच. नाना त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांना अजून वाटत होतं की आपण कॉलेज राखलं.

वरण-बट्टीची पंगत बसली आणि माझ्या शेजारी येऊन कोणीतरी बसलं. ती होती. कडेवरचं मूल तिने मांडीत घेतलं. अंगाने भरली होती, बोलण्यात आता केळीच्या पट्ट्यातला हेल होता. आमची ती पुस्तकी मराठी मात्र माझ्याशी बोलताना तिने बरोबर काढली. शाळा कशी आहे, विचारलं. कोणते वर्ग आहेत, विचारलं. मी तिच्या बट्टीकडे बघत उत्तरं देत होते. मग ती त्याच आवाजात म्हणाली, "एक विचारू? ती चिठ्ठी खरी होती का गं? की तुला तशीच द्यायला सांगितली होती?"

आता भिण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. अध्यक्ष व्याही झाले होते, नानांचे दिवस भरले होते, माझी पदवी कोणी काढून घेणार नव्हतं. एक वाक्य. इतकी वर्षं मी ते मनात म्हणत आले होते. आमच्याच पंगतीत पाच-सहा पानं अलीकडे नाना तुपाची बुधली घेऊन वाकत वाकत येत होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तिला ओळखलं. आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आता आठवत नाही गं," मी म्हणाले.

तिने मुलाच्या तोंडात बट्टीचा तुकडा घातला.

"त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत तिघं बसले होते," ती म्हणाली. "नाव सांग, म्हणाले. यादी कोणी दिली तेवढं सांग, तुला महिन्याभरात पुन्हा बसू देतो. तीन तास बसवलं. मी नाही सांगितलं. म्हटलं, तुझं नाव घेतलं तर नानांची नोकरी जाईल."

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही.  तेवढ्यात नाना येऊन ठेपले. तिच्या पानापुढे वाकले, बुधली तिरपी केली, आणि बट्टी बुडेपर्यंत धार सोडली.

"तूप ले, बेटा," ते म्हणाले. "सासरले गई ते लाजाले लागनी का?"

"नाही, नाना," ती म्हणाली आणि पान पुढे सरकवलं.